प्लाझ्मातले अण्णा

माझे वडील वारल्यानंतर पुढची चार वर्षं आमच्या हॉलमधल्या टीव्हीत राहत होते.

हे मी एकदा ऑफिसात सहज बोलून गेलो, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला लगेच त्र्यंबकला जाऊन शांती करून यायचा सल्ला दिला. (“चांगले गुरुजी आहेत माझ्या ओळखीचे, बोलू का?”) पण हे काम गुरुजींच्या हातातलं नव्हतं. टीव्ही कंपनीच्या मेकॅनिकनेही हात टेकले होते. दोष होता माझा, माझ्या धाकट्या भावाचा म्हणजे अभयचा, आणि थोडाफार लोडशेडिंगचा.

अण्णा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने बनवलेला माल हातात घ्यायचा, भुवया आक्रसून बघायचा आणि लाल खूण करून परत पाठवायचा, ही त्यांची नोकरी. त्या भुवया ते रोज संध्याकाळी बसमधून घरी आणत. आईची आमटी, माझं प्रगतिपुस्तक, पुढे माझं लग्न ठरल्यावर मंगल, सगळं त्या भुवयांखालून गेलं. मंगल पास झाली. माझा निकाल त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवला.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सिडकोतल्या आमच्या घरात त्यांची कॉट हॉलमध्ये टीव्हीसमोर लागली. डॉक्टर जाताना जिन्यात मला म्हणाले, “त्यांना काय हवं-नको ते बघा.” डॉक्टरांनी असं जिन्यात सांगितलं की त्याचा अर्थ एकच असतो. मी वर आलो आणि विचारलं, “अण्णा, काय हवं तुम्हाला?”

“स्कोर,” अण्णा म्हणाले.

आमचा टीव्ही होता वीस इंची, जुना, मागे ढेरी आलेला. त्यावर क्रिकेटचा स्कोर कोपऱ्यात मुंगीएवढा दिसायचा. अण्णा पाच-पाच मिनिटांनी आईला विचारायचे, आईला चष्मा लावूनही वाचता यायचं नाही, मग ती अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायची. एकदा तिने आपल्या टीमचे अकरा बाद सांगितले!

“मला माझा स्कोर वाचता आला पाहिजे,” अण्णा म्हणाले. “कुणाला विचारायला लागता कामा नये.”

एवढीच इच्छा. दुपारी एम.जी. रोडला जायचं आणि मोठा टीव्ही घेऊन यायचा, इतकं ते सोपं होतं. पण त्या काळात मोठे टीव्ही दोन जातींचे होते, प्लाझ्मा आणि एलसीडी. आणि आम्ही भाऊही दोन होतो.

अभय पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो एलसीडीवाला. मी दुकानात जाऊन दोन्ही टीव्हींसमोर उभा राहून आलेला, म्हणून प्लाझ्मावाला. रोज संध्याकाळी फोनवर जुंपायची.

“दादा, एलसीडी घे. हलका असतो, लाईट कमी खातो, कॉम्प्युटर पण जोडता येतो.”

“अण्णा काय कॉम्प्युटर शिकणारेत आता? मॅच बघायचीय त्यांना! एलसीडीत बॉल जोरात गेला की मागे शेपूट दिसते.”

“आणि प्लाझ्मावर एकच चित्र ठेवलं की त्याची छाप उठते काचेवर! ती जात नाही मग.”

“एकच चित्र कोण ठेवणारे? मॅचमध्ये माणसं हलतात!”

मी माहितीपत्रकं आणली, अभयने पुण्याहून आणखी आणली. आईने ती सगळी अण्णांच्या उशाखाली ठेवून त्यांची मान उंच केली, हा त्यांचा झालेला एकमेव उपयोग. उन्हाळ्यात सुरू झालेलं भांडण पाऊस संपला तरी चालूच. अण्णा रोज मी ऑफिसातून आलो की विचारायचे, “ठरलं का?” मी बूट काढता काढता सांगायचो, “जवळजवळ.”

शेवटी एक दिवस त्यांनीच मला कॉटजवळ बोलावलं. “बॉलला शेपूट असू दे, नाहीतर शिंगं असू देत,” ते म्हणाले. “मी असेपर्यंत आणा म्हणजे झालं.”

दुसऱ्याच दिवशी प्लाझ्मा आला. चार हमाल लागले. भिंतीला भोकं पाडताना पलंगाएवढा गिलावा खाली आला, तो मंगलने दोन घमेली भरून नेला. टीव्ही लागला. सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत उभे. अण्णांनी भुवया आक्रसल्या.

“काच आहे,” ते म्हणाले.

“हो अण्णा, प्लाझ्माला काच असते.”

“खिडकी दिसते त्यात. कॉट दिसते. मी दिसतो.”

“पडदा ओढतो ना खिडकीचा!”

पडदा ओढला, मॅच लावली, आणि खाली तळहाताएवढे आकडे आले. अण्णांनी ते वाचले. मोठ्याने! आजारपणात निम्मा गेलेला आवाज कुठून गोळा केला कोण जाणे. “तीन बाद एकशे बेचाळीस!” प्रत्येक ओव्हरला ते ओरडायचे आणि खालच्या मजल्यावरचे लोक आपला टीव्ही बंद करून ऐकत बसायचे. आई त्यांच्या केसांना तेल लावत असायची (अण्णांचे केस शेवटपर्यंत दाट होते, आई ते तासन् तास विंचरायची) आणि ती प्रत्येक आकड्याला “हं, पुढे?” म्हणायची.

हे आठवडाभरसुद्धा चाललं नाही. एका दुपारी अण्णा स्कोर वाचता वाचता मध्येच थांबले. आई केस विंचरत होती. ती म्हणाली, “हं, पुढे?”

पुढे काही नव्हतं.

सबंध पावसाळाभर आम्ही दोघं शहाणे बॉलच्या शेपटीवर भांडलो. तेवढ्या सगळ्या मॅचेस त्यांनी वाचल्या असत्या. याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. पण घरात माणूस गेलं की वाईट वाटायलासुद्धा सवड मिळत नाही, लोक यायला लागतात. आणि लोक आले की समोर फोटो लागतो.

फोटो नव्हता! अण्णा प्रत्येक फोटोत कुठेतरी दुसरीकडे बघत होते, बहुतेक मांडवाच्या खांबात काय चूक आहे ते. सरळ बघणारा एकच फोटो निघाला, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा. स्टुडिओवाला म्हणाला, मोठा करून फ्रेम करायला वेळ लागेल.

तेव्हा अभय म्हणाला, “दादा, भिंतीवर एवढा मोठा टीव्ही रिकामाच आहे की.”

त्याने फोटो स्कॅन केला, घरातला कॉम्प्युटर प्लाझ्माला जोडला, आणि अण्णा भिंतीवर आले! दाट केस मागे वळवलेले, भुवया आक्रसलेल्या, आणि नुसता चेहरा दाराएवढा. आलेला माणूस उंबऱ्यातच थबकायचा. आईने टीव्हीला हार घातला, खाली समई लावली. फक्त एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “त्यांच्या खांद्यावर ती कचऱ्याची बादली कशाला रे ठेवलीय?” अभयने तो रिसायकल बिन ओढून कोपऱ्यात नेला. खालची ‘स्टार्ट’ची पट्टी मात्र राहिली. पायांच्या ठिकाणी नेमकी तीच येत असल्यामुळे लोक वाकून ‘स्टार्ट’ला नमस्कार करत होते.

पहिल्या दिवशी दुपारी दिंडोरीहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ, द्राक्षवाला, अण्णांवर फार जीव. त्याने हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि किंचाळला, “आरं भाच्या! दाजी कुठं गेले? आन हे मासे कशाचे?”

बघतो तर अण्णा गायब, आणि हाराच्या आत रंगीत मासे पोहतायत!

“सुतकाच्या घरात मासे!” कोपऱ्यातून कुणी बाई म्हणाल्या.

“काढ ते आधी!” मी अभयवर ओरडलो.

“दादा, स्क्रीनसेव्हर आहे तो. स्क्रीन वाचवायला असतो.”

“स्क्रीन गेली खड्ड्यात, आधी अब्रू वाचव!”

अभयने मासे कायमचे बंद केले. पुन्हा सांगतो, मीच करायला लावले.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंग. अण्णांच्या कारखान्यातले लोक बसलेले असतानाच अण्णा फट्कन गेले. लाईट आले तेव्हा आधी निळा पडदा आला, त्यावर ‘वेलकम’ आलं, मग सनई वाजावी तसं संगीत वाजलं आणि मग अण्णा आले. आईने पदराने डोळे पुसले. “रोज रोज असं जायला लागलंय त्यांना,” ती म्हणाली. “एकदाच जाऊ द्या रे माणसाला!”

हे मामाला सहन झालं नाही. “आक्के, तू नको रडू. दाजी नाय जानार आता कुठं!” असं म्हणून तो उठला तो थेट दिंडोरीला गेला, आणि द्राक्षाच्या शेडवरचा जनरेटर टेम्पोत घालून घेऊन आला! त्या दिवसापासून अण्णा क्षणभरही गेले नाहीत. दिवसरात्र भिंतीवर. जनरेटर जिन्याखाली धडधडायचा आणि हॉलमध्ये सांत्वन ओरडून करावं लागायचं.

“फार सरळ माणूस होता!”

“काय?”

“सरळ! सरळ होता!!”

“कोण?”

दहावा गावातल्याच गंगेवर झाला, तेरावा घरी झाला. गोडजेवण करून लोक गेले. फ्रेम तयार होऊन आली. अभयने कॉम्प्युटर बंद केला, मामाने जनरेटर परत टेम्पोत चढवला आणि मी बातम्या लावल्या.

बातम्या देणाऱ्या मुलीला अण्णांच्या भुवया होत्या!

चॅनेल बदललं. हिरोईन बर्फात नाचत होती आणि सगळ्या बर्फभर अण्णा. टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या पांढऱ्याशुभ्र दातांवर अण्णा. डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’, आणि उजवीकडे घड्याळाचे आकडे सारखे बदलत राहिल्यामुळे नुसता एक डाग. मी हळूच अभयकडे बघितलं. तो “मी सांगितलं होतं” असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

कंपनीचा मेकॅनिक आला, पुसून बघितलं (!), चहा प्यायला आणि म्हणाला, “पांढराफेक पडदा चालू ठेवा दिवसच्या दिवस. गेली तर जाईल छाप.” तेव्हा आई देवळात गेली की मी पडदा पांढरा करून ठेवायला लागलो. हळूहळू हनुवटी पुसट झाली. मग कान. एक दिवस देऊळ बंद होतं म्हणून आई लवकर परत आली.

ती दारातच उभी राहिली. पडद्यावर पांढरा उजेड आणि त्यात अर्धे उरलेले अण्णा.

“काय चाललंय?”

“आई, छाप घालवतोय. टीव्ही खराब दिसतो ना...”

“अजून एकदा घालवतोयस का त्यांना?” आई म्हणाली. ओरडली नाही, अगदी हळू म्हणाली. मी रिमोट खाली ठेवला.

त्यानंतर कुणी पांढऱ्या पडद्याचं नाव काढलं नाही. उरलेले अण्णा, म्हणजे केस, भुवया आणि डोळे, तसेच राहिले. ओळखपत्राचा मोठा केलेला फोटो शेजारी भिंतीवर हार घालून लटकत होता, पण आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. ती संध्याकाळी मालिका लावून बसायची आणि सून रडली की पडद्याला म्हणायची, “बघा हो, काय वागतात लोक.” मॅच असली की आपणहून मॅच लावायची. आकडे मोठे होते, चष्म्यातून तिला वाचता यायचे. “चार बाद दोनशे दहा,” ती मोठ्याने वाचायची आणि जरा थांबायची. अण्णांनी “हं, पुढे?” म्हणावं म्हणून थांबत असेल. मी आत जाऊन नळ सोडून तोंड धुवायचो.

चौथ्या वर्षी पावसाळ्यात वीज कडाडली आणि प्लाझ्मा मेला. मेकॅनिक म्हणाला, पॅनेल गेलं, आता नवाच घ्या. मी आईला घेऊन एम.जी. रोडला गेलो. आता सगळीकडे एलसीडीच होते, भांडायला कुणी उरलंच नव्हतं. विकणाऱ्या मुलाने उत्साहाने एकेक टीव्ही लावून दाखवला. आईने शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, “यात माणूस राहतो का रे?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघितलं. “छाप उठते का, असं विचारतायत,” मी म्हणालो.

“छे छे, काकू!” तो छाती पुढे काढून म्हणाला. “यात काहीच राहत नाही! वर्षभर एक फोटो ठेवा, बंद केला की साफ!”

“मग नको,” आई म्हणाली आणि दुकानाची पायरी उतरली.

त्यामुळे मेलेला प्लाझ्मा अजून भिंतीवर आहे. अभयकडे पुण्यात छान एलसीडी आहे. मी आतल्या खोलीत ढेरीवाल्या वीस इंची टीव्हीवर डोळे फोडतो आणि मंगलला स्कोर विचारतो.

परवा संध्याकाळी हॉलमध्ये पेपर वाचत बसलो होतो. मान वर केली तर काळ्या काचेत चेहरा! भुवया आक्रसलेल्या, नजर सरळ माझ्यावर, आता लाल खूण करणार अशी. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीही आलं.

“आई!” मी ओरडलो. “लवकर ये! अण्णा दिसतायत गं अजून!”

आई हात पुसत धावत आली. माझ्या खुर्चीमागे उभी राहून काचेत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, तो कुठेही न अडकता थेट मानेपर्यंत गेला.

“अण्णा कुठले,” आई म्हणाली. “त्यांना केस होते.”