गाठीचं नवं नाव

"बोलत नाही गं फारशी. बरंच आहे. मी गेल्यावर ह्यांना शांतता लागेल."

सासूबाई फोनवर साताऱ्याच्या मावशींना सांगत होत्या. मी दाराआड, हातात चहाचा ट्रे. 'गेल्यावर' म्हणजे साताऱ्याला नव्हे! माझा नवरा शाळेत असताना आईंना थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ग्रंथी अख्खी काढली, आणि तेव्हापासून त्या जायच्या तयारीत आहेत. दागिने वाटून झालेत. आमच्या लग्नातही प्रत्येक फोटोला "हा माझा शेवटचा" म्हणून छान हसल्यात.

सासरे पॅथॉलॉजिस्ट, मीही पॅथॉलॉजिस्ट, आणि सांगलीत घराखालीच लॅब. इथे किस्से साचतात ते गाठींपेक्षा गाठींच्या नावांचे. आल्याआल्या मला काम मिळालं: बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, रिपोर्ट नव्या, जगभर एकच असलेल्या नावांत बसवायचे. न बोलणाऱ्या सुनेला नावं ठेवायचं काम!

* * *

खंडाळ्याचे एक रिटायर्ड सुभेदार आले. एक रिपोर्ट साताऱ्याचा, एक आमचा. तिथल्या डॉक्टरांनी नवं नाव लिहिलेलं, बाबांनी जुनं. सुभेदारांनी दोन्ही कागद टेबलावर मांडले.

"आवं डॉक्टर, दोन कॅन्सर हायत म्हना की मला!"

बाबांनी समजावलं, गाठ एकच आहे, नावं दोन.

"बाईमानसाला माहेरचं एक, सासरचं एक, ते कळतंय. गाठीचं लगीन कवा झालं?"

बाबा माझ्याकडे बघून हसले. मी नाही. माझंही नाव नुकतंच ताटातल्या तांदळात बदलून झालं होतं. आणि सुभेदार घरी आधीच 'दोन' सांगून आले होते. बायकोनं अंथरूण धरलं होतं.

* * *

बाबांची स्वतःची नावं तर कुठल्याच पुस्तकात नाहीत. पेशी दिसतील तशी: ही साबुदाणा, ही मोड आलेली मटकी. मायक्रोस्कोपला डोळा लावून ते बोलतात, माझा नवरा टाईप करतो. एकदा घाईत तसंच गेलं. सर्जनचा फोन आला.

"सर, रिपोर्टमध्ये साबुदाणा आलाय. शेंगदाण्याचं कूट आम्ही घालायचं का?"

सगळे पोट धरून हसलो. पेशंट कॉलेजातला होता, हे मला मायक्रोस्कोप बंद करताना आठवलं.

* * *

"डॉक्टर, तेवढं कॅन्सर लिवू नका. आईला इंग्लिश वाचता येतं."

कोरेगावचा माणूस होता, आई बाहेर बाकावर. ही विनंती आमच्याकडे नेहमीची. इथे मात्र नवी नावं बाबांच्या कामी आली! त्यांनी खुशीत दीड ओळीचं नाव लिहिलं.

आजींनी त्या ओळीवरून सावकाश बोट फिरवलं. "एवढं लांब? मंजी त्योच हाय. बारक्या दुखन्याला एवढं मोठं नाव कोन ठेवतंय!"

मुलगा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

* * *

कुरकुरत का होईना, बाबांनी सगळी नावं बदलू दिली. एक सोडून.

थायरॉइडची एक गाठ असते. पेशी कॅन्सरसारख्या दिसतात, पण गाठ आपल्या वेष्टणात गप्प बसलेली, कुठेही शिरकाव नाही. पूर्वी तिला कॅन्सर म्हणत. काढली की ती सहसा पुन्हा त्रास देत नाही, हे दिसून आलं, म्हणून नव्या वर्गीकरणात तिच्या नावातून तो शब्दच काढून टाकला. मी नवं नाव टाईप करायची, बाबा खोडायचे.

"हे राहू दे."

"का, बाबा?"

"राहू दे म्हटलं ना!"

बाबा कधी ओरडत नाहीत. म्हणून मी कपाटातून आईंच्या स्लाइड काढल्या. त्यांचा रिपोर्टही बाबांनीच दिलेला. एकूण एक स्लाइड बघितली. वेष्टण सगळीकडून अखंड. पुन्हा बघितल्या. स्लाइडचा ट्रे ठेवायला वळले, तर दारात बाबा.

ते काही बोलले नाहीत. मीही नाही. त्या बाबतीत आमचं जमतं.

* * *

परवा कुपवाडची एक बाई आली. कारखान्यात पॅकिंगला असते. अर्धी थायरॉइड काढून झालेली, तीच गाठ, वेष्टण तसंच अखंड. रिपोर्टवर जुनं नाव राहिलं, तर सर्जन उरलेली अर्धीही काढणार. मी नवं नाव टाईप करून कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी पेन उघडलं. खोडलं नाही. सहीही केली नाही.

तेवढ्यात आई आत आल्या.

"अहो, ती बाहेर रडतेय हो. मी म्हटलं, रडतेस काय, मलापण गळ्याचाच कॅन्सर आहे! एवढी वर्षं झाली, उभी आहे ना तुझ्यापुढं? सकाळी उठायचं, देवाला विचारायचं, 'आज का?' तो काही बोलला नाही, की चहा ठेवायचा!"

बाबा कागदाकडेच बघत राहिले.

"आई," मी म्हणाले, "तिला कॅन्सर नाहीये. तुम्हालाही नव्हता."