सुनंदाच्या नोटेवरची होडी

मंडळी, दुपारपासून माझा नुसता जळफळाट होतोय!

आज डोंबिवलीला सुनंदाकडे गेलेले. नव्वदच्या आसपास ठाण्यात फूटपाथवर एक चित्रकार खऱ्या रुपयाच्या नोटांवर चित्रं रंगवायचा. एका चित्राच्या मोजक्याच नोटा, मग ते चित्र बंद. आम्ही दोघी मैत्रिणींनी खाडीतल्या होडीची एकेक नोट घेतलेली.

मी हौसेनं लॅमिनेशन केलं. गरम मशीनमध्ये रंग वितळून होडीचा चिखल झाला.

हिनं आपली लक्ष्मीपूजनाच्या डब्यात ठेवलेली. आज बघते तर होडी तश्शीच! वर शिडावर कुंकवाचा ठिपका. तोही मेला शोभत होता!

"तुझी कुठंय गं?"

"बँकेच्या लॉकरमध्ये," मी म्हटलं.

"मग दिवाळीला आण. दोन्ही शेजारीशेजारी पुजू."

आता काय सांगू हिला?