‘सोडा’मधला काना

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी रंगखात्याचा सुपरवायझर आहे. सूत रंगवण्याआधी ते कॉस्टिकच्या, म्हणजे कातडी जाळणाऱ्या क्षाराच्या, पाण्यात उकळून घ्यावं लागतं. उकळून झालं की टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून ते गरम पाणी गटारात सोडायचं. बाकीच्यांना मी लांबूनच ओरडायचो, "सोड रे!" टाकीवरचे जुने कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते मात्र माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना अरेतुरे करायला जीभ वळायची नाही. त्यांना म्हणायचो, "मामा, सोडा."

आणि कॉस्टिकलाही खात्यात सगळे सोडाच म्हणत.

यात काय दडलंय ते मला आधी कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. अपघाताच्या तीन-चार महिने आधी ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. त्या दिवशी वीज गेल्याने टाकीतलं पाणी गार पडलं होतं. मी म्हणालो, "मामा, सोडा." मामांनी पुढच्या खेपेसाठी काढून ठेवलेली कॉस्टिकची बादली उचलली आणि टाकीत ओतली. पाणी गार म्हणून काही उडालं नाही. सूत तेवढं पुन्हा धुवावं लागलं. मग जो हशा पिकला!

"साहेब, नुसता सोडा सांगू नका. लिंबू, मीठ बी सांगा!"

"मामा, एक गिलास आमाला पन!"

मामाच सगळ्यात जास्त हसत होते. हसली नाही फक्त लड्या बांधणारी मावशी. ती म्हणाली, "साहेब, दोन गोष्टींना एकच नाव हाय हे. पानी सोडायला दुसरं कायतरी म्हना की."

"म्हणू, म्हणू," मी म्हणालो.

आमच्याकडे एक रजिस्टर असतं. होता होता टळलेल्या अपघातांची नोंद त्यात करायची असते. त्या महिन्याच्या रकान्यात मी नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘निरंक’. कुणाला लागलं नव्हतं, मग लिहायचं काय, असा माझा हिशेब. ते रजिस्टर नेमकं त्याचसाठी असतं, हे मला शिकवलेलं होतं. शिकवलेलं आठवत नव्हतं असंही नाही.

आणखी एक कबूल करतो. डोळ्यांना लावायचे जाड चष्मे कारखान्याने आणले होते. ते माझ्या कपाटात, प्लास्टिकसकट. तपासणीला साहेब लोक आले की मी ते वाटायचो आणि ते गेले की गोळा करायचो. वापरून चरे पडले तर पुढच्या तपासणीला काय दाखवणार? एकदा चष्मा परत देताना मामा म्हणाले, "नवरीचा साज हाय व्हय, साहेब? लगीन लागलं की परत पेटीत!" मीही हसलो आणि कुलूप लावलं. ती किल्ली माझ्या घराच्या किल्लीच्याच जुडग्यात होती. म्हणजे रोज संध्याकाळी शुक्रवार पेठेत मी माझं दार उघडायचो, तेव्हा तीही हातात असायची.

तो दिवस उन्हाळ्यातला. पत्र्याखाली वाफ कोंडली होती. बोअरची मोटर सकाळपासून बंद होती, म्हणून डोळे धुण्यासाठी ठेवलेला ड्रम कोरडा होता. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढे गेलो. मालकांचा फोन आला होता, माल आजच हवा म्हणून. टाकी नुकतीच उकळून तयार होती. मामा तिच्या काठाला, आणि त्यांच्या पायाशी पुढच्या खेपेची बादली.

फोन कानाला तसाच धरून मी ओरडलो, "मामा, सोडा!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरू शकत नाही. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस. कॉस्टिक गार पाण्यात, तेही थोडंथोडं टाकायचं, हे त्यांनी किती जणांना शिकवलेलं. ते म्हणाले, "आत्ता?"

"आत्ताच! सोडा म्हणतोय ना!"

मी हात झटकला आणि पाठ फिरवली. मालक विचारत होते, किती वाजेपर्यंत होईल.

आधी आवाज आला, तव्यावर पाणी पडावं तसा, पण खूप मोठा. मग मामांचा आवाज. उकळत्या पाण्यात पडलेलं कॉस्टिक उसळून त्यांच्या तोंडावर आलं होतं.

ड्रमची तोटी उघडली, थेंब आला नाही. कुणीतरी ओरडलं, "लिंबू आना रे, लिंबू पिळा! सोडा मरतो लिंबानं!" आणि खरंच एक जण गेटाबाहेरच्या सरबताच्या गाड्याकडे पळाला. तीन-चार महिन्यांपूर्वीचा विनोद असा परत आला. मी फोन हातात धरून तसाच उभा होतो. मावशीने मामांचं डोकं मागे धरलं आणि किंचाळली, "लिंबू न्हाय! पानी! नुसतं पानी!" मग ज्याने त्याने आपापली प्यायच्या पाण्याची बाटली आणली. एकामागून एक बाटल्या मामांच्या डोळ्यांवर ओतल्या गेल्या. थोड्या वेळात त्या संपल्या. शेडमधल्या सगळ्या माणसांचं प्यायचं पाणी, आणि ते पुरलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ धुतलं?" मी काहीतरी आकडा सांगितला.

त्या संध्याकाळी मालक मला एवढंच म्हणाले, "नोंद जरा बघून कर."

मी बघून केली. लिहिलं, ‘सूचना नसताना कामगाराने स्वतःहून गरम टाकीत कॉस्टिक टाकले. चष्मा उपलब्ध असूनही वापरला नाही.’ दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी मामांच्या खाटेपाशी गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

"काय लिवलंय, साहेब?"

"झालं तसंच लिहिलंय, मामा."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या बोटांत पेन दिलं आणि हात धरून जिथे सही करायची तिथे नेऊन टेकवला. वळणदार अक्षरात, अंधारात, त्यांनी सही केली. नंतर म्हणाले, "तुमी हायसा म्हनून बरं."

त्यांचा उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड आणि सावल्या कळतात. ते अक्कलकोटकडच्या आपल्या गावी परतले.

मला तिकडे जायला दोन वर्षं लागली. दरम्यान मी पाणी सोडायला सांगताना सगळ्यांना ‘टाकी रिकामी करा’ म्हणायला लावलं, कपाटाचं कुलूप काढलं, ड्रम रोज सकाळी स्वतः तपासू लागलो. सुरक्षा सप्ताहात मी भाषण करतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. मामांना मी खरं सांगेपर्यंत त्या सगळ्याला काही अर्थ नाही, हे मला टाळ्या चालू असतानाच जाणवायचं.

मामा ओट्यावर बसले होते. घरातून त्यांच्या बायकोने कन्नडमध्ये कोण आलंय विचारलं. माझा आवाज ऐकून मामाच म्हणाले, "साहेब आल्यात. चहा टाक."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी काय म्हणालो होतो, दुसऱ्यांदा काय म्हणालो, कागदावर काय लिहिलं, सगळं.

"कागद पोरीनं वाचून दावला हुता मला," ते म्हणाले. "तवाच. दवाखान्यातनं सुटताना कारखान्यानं दिली हुती त्याची एक प्रत."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? सही माझी हाय." मग म्हणाले, "पन मला लई दिवस वाटायचं, माझंच कान खोटं. मी इचारलं हुतं का न्हाय, तेच समजना. घरात बी सगळी म्हनायची, तुमचंच चुकलं. आज तुमी सांगितलं. म्हंजे इचारलं हुतं मी."

"विचारलं होतं, मामा. ‘आत्ता?’ म्हणालात."

"मग ते लिवा की तितं."

चहा आला. त्यांनी कप चाचपून धरला. मला माझा चहा पिववला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या नोंदीखाली नवी नोंद केली. सूचना मी दिली होती, दोनदा दिली होती, कामगाराने खात्री करून घेतली होती, चष्मे माझ्या कुलपात होते, ड्रम कोरडा होता. खाली माझी सही. मालक म्हणाले, "जुनं कशाला उकरतोस? तुझ्याच अंगाशी येईल." येऊ दे म्हणालो. त्याची एक प्रत मामांच्या मुलीला पाठवली. ती त्यांना वाचून दाखवील. आता चौकशी लागणार आहे. लागायलाच हवी.

गेल्या आठवड्यात मी शेडच्या दारातून आत येत होतो. नवीन आलेला सुपरवायझर, चांगल्या घरचा, वाफेतून कुणा वयस्क माणसाला अदबीने म्हणाला, "काका, सोडा."

मी धावलो. चपला तिथेच निसटल्या. पोहोचलो तेव्हा गरम पाणी गटारातून वाहत होतं आणि काका व्हॉल्व्हवर हात ठेवून माझ्याकडे बघून हसत होते. "काय झालं, साहेब?"

काही झालं नव्हतं. त्यांचा जाड चष्मा डोळ्यांवर नव्हता, कपाळावर चढवलेला होता.