डावीकडची चटणी

माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या राजस्थानात नसेल, आणि त्या विश्वासाने आम्हाला जेवढं दमवलं तेवढं जयपूरच्या उन्हाळ्यानेही दमवलं नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बँकेने माझी बदली तिथे केली, तेव्हा हे मूळचे सातारकर विम्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, कायमचे राहिले होते. रोज सकाळी गच्चीवर शीर्षासन. त्यांचे पाय पुन्हा जमिनीला लागल्याशिवाय घरात कोणालाही चहा नाही. "डोळा म्हणजे काय, जावईबापू? रक्तावर चालणारं यंत्र. रक्त कमी पडलं, मतलब नजर गेली!" म्हणून ते स्वतःच उलटे होऊन रक्ताची चढण वाचवत. पुरावा म्हणून समोरच्या रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी घडाघडा वाचून दाखवत. मलाही एकदा भिंतीशी उलटं उभं केलं, तेव्हापासून माझी मान धरते ती धरतेच.

इतकी तेज नजर असूनही मामांचं गावाशी रोज भांडण होई. सायकलवाले, गायी, दाराच्या चौकटी, सगळे म्हणे बाजूने अचानक अंगावर येत. एकदा जोहरी बाजारात ते उंटगाडीच्या उंटालाच जाऊन धडकले आणि वर गाडीवाल्यावर ओरडले, "भैया, घंटी तो बजाओ!" उंट त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा कंटाळा मला अगदी ओळखीचा वाटला. "या गावात माणसं नीट समोरून का येत नाहीत?" मामा धुळीतली टोपी झटकत म्हणाले. त्यांना घरी आणेपर्यंत माझा रविवार संपला.

जेवणाच्या पानाबद्दल तर ते फारच कडक. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. परमुलखात आलो म्हणून पान बिघडवायचं नाही. पण हल्ली चटणी वाढलेली असली तरी म्हणत, "चटणी वाढायला विसरलीस." बिचाऱ्या मामी चटणी उचलून समोर मधे, वरणाशेजारी ठेवायच्या. कोणाशी वाद घालण्याचं त्राण त्यांच्यात उरलंच नव्हतं.

एका गणपतीत जेवायला बोलावलेल्या आमच्या ओळखीच्या, डोळ्यांच्या मराठी डॉक्टरांनी हे पाहिलं. त्यांनी मामांना समोर बघायला सांगितलं आणि डावीकडून चमचा हळूहळू पुढे आणला. चमचा जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा मामा म्हणाले, "हा कुठून आला?" दुसऱ्या दिवशी तपासणीत काचबिंदू निघाला.

"रक्ताचं तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, मामा," डॉक्टर म्हणाले. "पण डोळ्याच्या आत दाब वाढलाय. त्या दाबाने मागची नस चेपते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. घट्ट अंगठीने बोट बधिर व्हावं तसं. आणि तुम्ही उलटे झालात की तोच दाब आणखी वाढतो."

"मधलं तर सगळं दिसतंय."

"मधलं शेवटी जातं. कडेचं गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून राखायचं."

मामांनी शीर्षासन सोडलं. सकाळी चहा वेळेवर मिळू लागला आणि कोणालाच तो गोड लागेना. आयुष्यभर शिस्तीने केलेल्या गोष्टीनेच घात केला असेल, हे त्या माणसाने कोणाला बोलून दाखवलं नाही. ते फक्त गच्चीच्या जिन्याकडे बघत बसत. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

पुढे मामी गेल्या आणि मामा आमच्याकडे जेवायला येऊ लागले. मी त्यांना आणायला जाई. वाटेत ते माझा दंड धरत आणि समोरची पाटी अजूनही वाचून दाखवत, फक्त आवाज न चढवता. पहिल्याच दिवशी हिने चटणी मामींसारखीच वरणाशेजारी वाढली. मामांनी पानाकडे पाहिलं.

"पोरी, चटणी डावीकडे वाढ."

"मामा, तिकडे तुम्हाला..."

"दिसत नाही, माहीत आहे मला. तुझी मामी इतकी वर्षं गुपचूप उचलून ठेवायची, तेही दिसलं नाही."

हिने चटणी डावीकडे वाढली. मामांनी पानाच्या कडेने बोटं हळूहळू सरकवत नेली, चटणीला लागली तिथे थांबवली, आणि मग जेवायला सुरुवात केली.