तांड्याच्या विहिरीचा तळ

हे मी कुणालाच बोललेली नाही. मालकांना नाही, माहेरी नाही, देवापुढेही नाही. देवापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काही मागते, म्हणजे हे तोंडावर यायला नको. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

चार माणसांत माझा घसा कोरडा पडतो. लहानपणापासून तसंच. चौथीनंतर शाळा सुटली, पण लिहायचं मी सुटू दिलं नाही. बोलण्यापेक्षा ते बरं वाटतं — कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी काय केलं? एक आकडा बदलला. तोही पाण्याचा नव्हे. पाण्याचे सगळे आकडे खरे होते. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्याला काही चवच राहिली नाही.

आमचं गाव पुसेगावच्या अलीकडे. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, आणि तांड्याची एक जुनी विहीर. पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई हिंगोलीहून यायच्या. दर आठवड्याला विहिरी मोजायला त्यांनी दोन बायका निवडल्या — गावातली मी आणि तांड्यावरची सक्रीबाई. सक्रीबाई वयाने मोठी, शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि बोलायला मी जितकी भित्री तितकी ती मोकळी. टेपच्या टोकाला वजन बांधलेलं असायचं. ती टेप सोडायची, वजन पाण्याला टेकलं की "हां, लागलं" म्हणायची, आणि मी फूट वाचायची. पाणी काठापासून किती खाली आहे, तो आकडा. बाकी वेळ ती सुनेच्या तक्रारी सांगायची आणि मी हसायची.

आकडे ताईंच्या लॅपटॉपमध्ये भरायचे. भरले की त्यांची रेघ उमटायची. पहिल्यांदा ती रेघ बायकांना दाखवली तेव्हा मोठी गंमत झाली. पाणी खोल गेलं की आकडा वाढणार, आणि आकडा वाढला की रेघ वर चढणार. सक्रीबाई म्हणाली, "अगं बाई! आमच्या इहिरीचं पाणी आभाळात चाललं की!" सगळ्या पोट धरधरून हसल्या. ताईही हसल्या, आणि मग त्यांनी मला शेजारी बसवून ते कसं बदलायचं ते दाखवलं. डावीकडच्या उभ्या पट्टीवर दोनदा दाबायचं. पट्टी उलटी करायची — शून्य वर, मोठा आकडा खाली. आता पाणी उतरलं की रेघही उतरायची. मग त्यांनी खालच्या टोकाला चाळीस लिहिलं, कारण ती विहीर चाळीस फूट आहे. म्हणाल्या, "चित्राचा तळ म्हणजे विहिरीचा तळ. न शिकलेल्या माणसालाही कळलं पाहिजे."

कळत होतं. सगळ्यांना कळत होतं. रेघेचा रंग, जाडी, पट्टीचे आकडे — हळूहळू सगळं मीच बदलायला लागले. ताई म्हणायच्या, तुमचा हात बसला. मला किती बरं वाटायचं, काय सांगू? घरात मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी आम्ही बोअर पाडलं. तांड्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आमचं शेत आहे, तिथे. दोनशे फूट. पाणी चांगलं लागलं. मोटर सुरू झाली — आणि विहीर उतरायला लागली. दिवाळीला पाणी अठरा फुटांवर होतं. संक्रांतीपर्यंत सव्वीसला गेलं. टेप सोडताना सक्रीबाई आता सुनेबद्दल बोलत नव्हती. एकदा नुसतं म्हणाली, "बाई, तुमची मोटर चालू असली की आमची इहीर दम टाकून राहिली." भांडण म्हणून नव्हे. जे दिसलं ते बोलली.

जानेवारीच्या ग्रामसभेत ती तेच बोलणार होती. आणि ताई भिंतीवर रेघ दाखवणार होत्या. विहीर खरोखर उतरत असली तर उन्हाळाभर आमचं बोअर बंद ठेवायचं, असं ठरायचं होतं. बोअर बंद म्हणजे आमचा उन्हाळी भुईमूग गेला.

आदल्या दिवशी जेवताना मालकांनी विचारलं, "त्या चित्रात आपलं बोअर दिसून राहिलं का?"

"बोअर न्हाई दिसत. इहीर दिसते," मी म्हणाले.

ते उठले, हात धुतले आणि निघून गेले. मला काही कर म्हणाले नाहीत. हे मी त्यांना झाकायला लिहीत नाही. खरंच म्हणाले नाहीत.

सभेच्या दिवशी दुपारी लॅपटॉप शाळेच्या खोलीत उघडा होता. ताई प्रोजेक्टर आणायला गेल्या होत्या. मी खोली झाडायला म्हणून आत गेले. झाडायलाच गेले होते का? — नाही. मला माहीत होतं मी कशाला गेले ते. पट्टीवर दोनदा दाबलं. चाळीस खोडलं. दोनशे लिहिलं.

एवढंच. रेघ झटकन वर सरकली आणि आडवी पडली. अठरा ते सव्वीस — दोनशेच्या पट्टीत तेवढा उतार दिसतो तरी का? विहीर काठोकाठ भरल्यासारखी दिसत होती. चाळीस फुटांच्या विहिरीला मी दोनशे फुटांचा तळ दिला होता. मी बघत राहिले. परत चाळीस करायला वेळ होता. ताईंना यायला बराच वेळ लागला. मी ते केलं नाही. कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवलं — आपलं बोअर दोनशे फूट, दोन्हीला एकच पट्टी लावली.

सभेत भिंतीवर रेघ पडली. पट्टीचे आकडे बारीक, त्यात चुन्याची भिंत — कोण वाचणार? सगळे रेघ बघत होते. सक्रीबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, इहीर आठ फूट उतरली, मी माझ्या हाताने मोजून राहिले. मागून एक जण म्हणाला, "कुठं उतरली, मावशे? तुडुंब दिसून राहिली की!" दुसरा म्हणाला, "चष्मा लावून ये, जा." हशा झाला. सक्रीबाई भिंतीकडे बघत उभी. मग तिने माझ्याकडे बघितलं.

ताई भिंतीकडे पाठ करून प्रोजेक्टरच्या वायरीशी झटत होत्या. लाईट सारखी जात-येत होती. वाकलेल्या असतानाच त्यांनी विचारलं, "पट्टी बरोबर आहे ना हो?"

त्या मलाच विचारत होत्या. सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी कधी सभेत बोललेली नाही — ना आधी, ना नंतर. तेव्हा बोलले.

"बराबर हाय," मी म्हणाले.

आवाज अडकला नाही. घसा कोरडा पडला नाही. एरवी साधं नाव विचारलं तरी जो आवाज फुटत नाही, तो तेव्हा कसा स्वच्छ फुटला? हे मला आजही कळलेलं नाही. पट्टी बदलली, त्यापेक्षा मला या दोन शब्दांची भीती जास्त वाटते.

बोअर चालू ठेवायचं ठरलं. ताई वायर गुंडाळत होत्या तेवढ्यात मी दोनशेचे परत चाळीस केले. त्यांनी नंतरही काही विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

निघताना सक्रीबाई शाळेच्या पायरीवर थांबली होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. तांड्यावरच्या बाईच्या शिव्या खायची मी तयारी केली. ती म्हणाली, "माझंच चुकलं असंल बाई. टेप तिरपी पडली असंल. तू शिकलेली हायस, तुला दिसतं." आणि माझा हात धरून म्हणाली, "राग नको धरू. मालकाला बी सांग."

मी "बरं" म्हणाले.

चैत्रात विहिरीला तळ लागला. खरा तळ. टेपचं वजन दगडावर वाजलं, तो आवाज आम्ही दोघींनी ऐकला. सक्रीबाई "हां, लागलं" म्हणाली नाही. तिने नुसती टेप वर ओढली. मला वाटलं, आता तिला समजलं. पण ती म्हणाली, "औंदा ऊनच लई."

मग मालकांनी आमच्या बोअरवरून तांड्याला सकाळी पाणी भरू दिलं. बायका हंडे घेऊन आमच्या बांधावर रांगेने बसायच्या. गावात मालकांचं नाव झालं. तांड्यावरची म्हातारी माणसं त्यांना हात जोडायची. सक्रीबाई हंडा डोक्यावर घेताना दर सकाळी म्हणायची, "तुमच्या घरचं पाणी पिऊन राहिलो आमी. लेकरं दुवा देतील." पाणी कुणाच्या घरचं होतं, हे त्या बांधावर मला एकटीला माहीत होतं. मी तिच्या डोक्यावर हंडा द्यायला हात लावायची.

आमचा भुईमूग चांगला आला. आम्ही खाल्ला.

विहीर पुढे कधी पहिल्यासारखी भरली नाही. तांड्यावरच्या चार घरांनी म्हशी विकल्या. त्यांत सक्रीबाईचं घर होतं. आता ती थकली आहे, टेप दुसऱ्या बायका सोडतात. ताईंची बदली झाली. सांगता आलं असतं अशा कितीतरी वेळा आल्या. प्रत्येक वेळ मी बघितली आणि जाऊ दिली.

सक्रीबाई अजून आमच्याकडे येते. थंडीत घोळ, तांदुळजा, काय असेल ते लुगड्याच्या ओच्यात घालून आणते. स्वतः निवडलेलं, मुळं खुडलेलं. म्हणते, तुमचे उपकार हायत. परवाही आली होती. तिने ओचा माझ्या सुपात रिकामा केला, आणि मी ती भाजी घेतली.