आधी पाहून घे

कुणी तोंड उघडलं की काका तळहात वर करायचे. "आधी पाहून घे, मग बोल." कॅनडात, कॅल्गरीतल्या आमच्या ऑफिसात टेबलावर ड्रॉइंग पसरलं की हे वाक्य ठरलेलं. मी ठाण्याची, पक्की बोलघेवडी. तो तळहात सगळ्यांत जास्त माझ्याच वाट्याला यायचा.

काका नागपूरचे, ऑफिसातले माझे सीनियर. आंबेडकर जयंतीला हॉलमध्ये खुर्च्या मांडण्यापासून पोह्यांवर तर्री वाढण्यापर्यंत सगळीकडे तेच. त्यांच्या कुत्रीचं नावही तर्री. लालसर, केसाळ, शेल्टरमधून आणलेली. दोघांना रस्त्यानं जाताना पाहिलं असतंत, तर कोण कुणाला फिरवतंय ते तुम्हालाही कळलं नसतं. पुढे पुढे खरोखरच ती त्यांना फिरवू लागली, कारण काकांना काचबिंदू होता. कडेकडेचं दिसेनासं होत चाललं होतं. गाडी चालवणं बंद झालं. पुढच्या फॉलपर्यंत, म्हणजे पानगळीपर्यंत, फारसं काही उरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

हे मला त्यांनी कपात कॉफी ओतता ओतता सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "संडेला फ्री आहेस का? विंटर टायर्स लावले नं? मले लार्च पाहाचे आहेत."

लार्च म्हणजे इथल्या डोंगरांत उंचावर वाढणारी सुईसारख्या पानांची झाडं. थंडीआधी ती सोनेरी होतात आणि लगेच गळतात. त्या वर्षी बर्फ लवकर आला होता, त्यात रविवारी संध्याकाळी वादळाचा इशारा. त्यानंतर फांदीवर काही राहणार नव्हतं. काकांसाठी लार्च पाहायचा तो शेवटचाच रविवार होता.

पायथ्याशी उतरलो तेव्हा मी विचारलं, "तर्रीचे बूट आणलेत ना?"

"बूट काहून? बर्फ चिकटू नये म्हणून घरूनच पंजांना खोबरेल लावून आणलं."

डोकेदुखीपासून कुरकुरणाऱ्या दारापर्यंत काकांकडे हा एकच उपाय होता. तर्रीनं तो गाडीतच चाटूनपुसून साफ केला होता.

चढताना ढग खाली आला. काका तिची दोरी कमरेला बांधून पावलापुढे पाऊल टाकत होते. लार्च दोन्ही बाजूंना असणार, पण दिसत होत्या नुसत्या करड्या सावल्या. वरच्या खिंडीतून सगळी दरी दिसते, तिथे तरी उघडेल, अशी आशा होती. त्या खिंडीचा शेवटचा चढ तेवढा उरला आणि तर्री मटकन बसली. बोटांच्या मधल्या केसांत बर्फाचे कडक गोळे झाले होते. तिला पंजा टेकवेना.

"काका, मी हिच्यापाशी थांबते. तुम्ही हळूहळू वर व्हा."

ते बराच वेळ वरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघत राहिले.

"नाही. इथवर मले तिनंच आणलं. चल, गो बॅक."

मला रडूच कोसळलं. ढगाचा राग आला, त्या खोबरेलाचा आला, सगळ्यांत जास्त काकांचा आला.

थोडं उतरल्यावर एका वळणावर ती पुन्हा बसली. काका बर्फात गुडघे टेकून बसले. हातमोजे काढून त्यांनी तिचा पंजा तळहातांत धरला आणि फुंकर घालू लागले. "निघालं बघ, निघून राहिलं."

तेवढ्यात वारा पडला आणि ढग फाटला.

समोरचा अख्खा उतार पेटल्यासारखा सोनेरी झाला. खाली कोरा बर्फ, त्यावर ती झाडं, पार दरीच्या तळापर्यंत, आणि वर काळ्या कातळाची भिंत. कुठे आवाज नाही. इतकं सुंदर काही बघून भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. काकांची मान खालीच.  मी माझा तळहात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, अगदी जवळ.

त्यांनी तो पाहिला, हसले आणि मान वर केली.

त्यांना एका वेळी थोडंसंच दिसायचं. म्हणून त्यांनी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत मान सावकाश फिरवली. एकेक तुकडा करत त्यांनी तो सगळा उतार डोळ्यांत घेतला. पंजा मात्र हातातून सोडला नाही. ढग परत मिटला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाहिलं."

पुढच्या उन्हाळ्यात ते मुलीकडे लंडनला गेले, आपल्या कॅनडातल्याच, ऑन्टॅरिओतल्या. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. तर्रीला माझ्याकडे ठेवून गेले. "तिकडे सगळं फ्लॅट आहे. तिले डोंगर लागतात."

आता दर फॉलला आम्ही दोघी त्या खिंडीत जातो. तर्रीच्या पायांत बूट असतात. तिथे कसाबसा सिग्नल मिळतो. मी फोन लावते. काका वाट बघत बसलेले असतात, पहिल्याच रिंगला उचलतात. त्यांचा आवाज ऐकून तर्री कान टवकारते, आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडून येतं,

"थांब. आधी पाहून घे, मग बोल."

मी मान सावकाश फिरवून सगळं पाहून घेते.  मग मी डाव्या टोकापासून सांगायला लागते.