सहा नंबरचे बूट

फरीदाबादहून दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर येणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसमध्ये ती खिडकीशी बसायची. मांडीवर कायम एक कापडी पिशवी असायची. तिच्यात कॅनव्हासचे बूट, पाण्याची बाटली, फुटाणे आणि टॉर्च. कधी बस बंद झाल्याच तर चालत घर गाठता यावं, म्हणून. घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. बसमधले सगळे त्या पिशवीला हसायचे, मी जरा जास्तच. ती चिडायची नाही, नुसती पिशवीची गाठ घट्ट करायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तिनेच मला विचारलं, "आप कौन से नंबर का जूता पहनती हैं?"

माझा नंबर आठ. बाईचे एवढे मोठे पाय, सांगायची लाज वाटली. "छह," मी म्हटलं.

काही महिन्यांनी शहरात गडबड झाली. दुपारीच ऑफिसं सुटली आणि एकही बस नव्हती. ती बूट घालून आमच्या ऑफिसच्या गेटपाशी माझी वाट बघत उभी होती. पिशवीतून तिने दुसरा जोड काढला. कोरा, सहा नंबरचा.

"आपके लिए रखे थे."

माझा पाय अर्ध्यातच अडकला.

"पाँव सूज गए होंगे," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

उंच टाचांच्या सँडलमध्ये मी लंगडत राहिले आणि तिची आई घरी एकटी असताना ती वाटभर माझ्या चालीने चालली. मी टेकले की दर वेळी बूट पुढे करून हळूच विचारायची, "अब उतरी सूजन?"

घर येईपर्यंत मी नाहीच म्हणत राहिले.